विजेची पोहोच आणि तिचे माप : भंडारा जिल्ह्याच्या निमित्ताने

विकसनशील देशांतील वीजप्रसाराची चर्चा बहुधा एकाच आकड्याभोवती फिरते, आणि तो आकडा म्हणजे वीजजोडणी मिळालेल्या कुटुंबांचे शेकडा प्रमाण. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी सातवे उद्दिष्ट ऊर्जेविषयीचे असून त्याचा पहिला निर्देशकही याच जातीचा आहे. जगात अद्याप साठ कोटींहून अधिक माणसे विजेवाचून राहतात आणि त्यांतील फार मोठा हिस्सा सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आहे, हे विधानही त्याच मापावर उभे आहे. अशा मापाचा उपयोग नाही असे कोणी म्हणणार नाही. मात्र माप हे केवळ वस्तुस्थितीचे वर्णन नसते; ज्या गोष्टीची मोजणी होते तिच्यावर पैसा, माणसे आणि अधिकाऱ्यांचे लक्ष एकवटते, आणि जी गोष्ट मोजणीतून सुटते ती सोयीने मागे सारता येते. पूर्व विदर्भातील भंडारा जिल्ह्याचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे, कारण तेथे घरापर्यंतच्या विजेचा प्रश्न बराचसा सुटला असून शेतापर्यंतच्या विजेचा प्रश्न सुटलेला नाही, आणि या दोन गोष्टी परस्परांपासून अलग नाहीत.

भारतात विद्युतीकरणाची व्याख्या गेल्या अर्धशतकात कशी पालटत गेली हे ध्यानात घेतल्यावाचून ही गुंतागुंत उलगडत नाही. साठच्या दशकातील दुष्काळांनंतर १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले, तेव्हा खेड्यात वीज नेण्यामागचे मुख्य प्रयोजन दिवा लावणे हे नसून विहिरीवरचा पंप चालवणे हे होते. धान्योत्पादन वाढवण्याची निकड इतकी मोठी होती की घरातील उजेड हा दुय्यम लाभ समजला जाई. त्या काळच्या व्याख्येप्रमाणे गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कारणासाठी वीज वापरली जात असली की ते गाव विद्युतीकृत ठरे, म्हणजे शिवारातल्या एका मोटारीवर सबंध गावाची नोंद पूर्ण होत असे आणि वस्तीतील घरे कंदिलाच्या उजेडात राहिली तरी सरकारी तक्त्यात फरक पडत नसे. १९९७ मध्ये ही व्याख्या बदलून वीज लोकवस्तीच्या भागात वापरली गेली पाहिजे अशी अट आली. २००४ मध्ये ती आणखी कडक झाली : वस्तीत आणि दलित वस्तीत रोहित्र व वाहिन्या असाव्यात, शाळा, पंचायत कार्यालय, आरोग्य केंद्र अशा सार्वजनिक जागी वीज असावी आणि किमान दहा टक्के घरांना जोडणी मिळालेली असावी. दहापैकी नऊ घरे अंधारात असूनही गाव उजळले असे मानण्याची मुभा या कडक व्याख्येतही होती, हे विसरता येत नाही.

पुढची वाटचाल सर्वपरिचित आहे. २००५ मध्ये राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना आली, नंतर तिची जागा दीनदयाळ उपाध्याय ग्रामज्योती योजनेने घेतली, २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लायसांग या गावाला वीज पोहोचून देशातील शेवटचे गाव विद्युतीकृत झाल्याची घोषणा झाली, आणि त्याआधी सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेने गावाऐवजी घर हे मोजणीचे एकक ठरवले. हा बदल खरोखर मोलाचा होता. २०११ च्या जनगणनेत देशातील ६७.२ टक्के कुटुंबे उजेडासाठी मुख्यतः विजेवर अवलंबून होती, ग्रामीण भागात ५५.३ टक्के; त्यानंतरच्या सात-आठ वर्षांत जवळजवळ सर्व घरांपर्यंत तार जाणे ही कोणत्याही देशाला भूषणावह ठरावी अशी गोष्ट आहे. परंतु या प्रवासात मापाचा लंबक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला. आरंभी पंप मोजला जाई आणि घर नजरेआड होते. आता घर मोजले जाते आणि पंप नजरेआड झाला आहे.

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा हा सात तालुक्यांचा, २०११ च्या जनगणनेनुसार बारा लाख लोकसंख्येचा जिल्हा. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाल्यानंतर त्याचा विस्तार निम्म्यावर आला. या भूभागाची वीजनिर्मितीशी असलेली जवळीक थक्क करणारी आहे. पश्चिमेला, जिल्ह्याच्या सीमेलगत, नागपूर जिल्ह्यातील मौदा येथे राष्ट्रीय औष्णिक ऊर्जा महामंडळाचे २,३२० मेगावॅटचे केंद्र आहे आणि त्याला पाणी वैनगंगेवरील गोसीखुर्दच्या जलाशयाचे आहे. पूर्वेला तिरोडा येथे ३,३०० मेगावॅटचे खासगी केंद्र वैनगंगेच्याच पाण्यावर चालते, आणि हे तिरोडा १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होते. त्या केंद्रातून निघणाऱ्या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिन्या कोराडी, अकोला आणि छत्रपती संभाजीनगरच्या दिशेने जातात. एकाच नदीच्या पाण्यावर साडेपाच हजार मेगावॅटहून अधिक क्षमता उभी असताना त्याच नदीच्या काठच्या शेतकऱ्याने आठ तासांच्या विजेची वाट पाहावी, यातला विरोधाभास सभांमधून अनेकदा मांडला जातो. तो भावनेला भिडतो, पण तांत्रिकदृष्ट्या त्यातून फारसे काही सिद्ध होत नाही; निर्मिती केंद्राच्या शेजारी असणे आणि वीज हाती असणे यांच्यामध्ये उपकेंद्र, अकरा किलोव्होल्टची वाहिनी, रोहित्र, लघुदाबाची तार आणि विजेचा हिशेब अशी लांबलचक साखळी असते, आणि भंडाऱ्यातील अडचण या साखळीच्या शेवटच्या दोन-तीन कड्यांत आहे.

ती नेमकी काय आहे हे पिकाकडे पाहिल्यावर कळते. सरासरी बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या तलावांच्या जिल्ह्यात खरिपाच्या धानाला पूर्वापार मालगुजारी तलावांचा आणि बोड्यांचा, म्हणजे लहान तळ्यांचा, आधार होता, आणि त्या पाण्याला उताराखेरीज कसलीही ऊर्जा लागत नसे. विहिरी, विंधनविहिरी आणि नदी-नाल्यांवरील पंप आले तसे दोन बदल घडले : पावसाने ओढ दिली की रोवणी वाचवण्यासाठी शेतकरी मोटारीकडे वळू लागला, आणि जेथे पाण्याची सोय आहे तेथे जानेवारी-फेब्रुवारीत रोवून एप्रिल-मेमध्ये कापायचे उन्हाळी धान हे दुसरे पीक उभे राहिले. धानाची बांधी, म्हणजे खाचर, नुसती ओली ठेवून भागत नाही, तिच्यात पाणी साचून राहावे लागते. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ते झपाट्याने उडते आणि निसवणीच्या आठवड्यात दोन-चार दिवसांचा खंड पडला तर दाणा पोचट राहतो. म्हणून विदर्भाच्या या भागातून धान उत्पादकांसाठी आठऐवजी बारा तास विजेची मागणी पुनःपुन्हा होत राहते. कापूस-सोयाबीनच्या प्रदेशाला लागू पडणारे तास धानाच्या प्रदेशाला जसेच्या तसे लावणे हा मूळ दोष आहे, आणि तो अज्ञानातून आलेला नसून राज्यभर एकच वेळापत्रक राबवण्याच्या प्रशासकीय सोयीतून आलेला आहे.

या वेळापत्रकाचा उगम दोन हजारच्या दशकातील भारनियमनात सापडतो. तेव्हा बहुतेक गावांत घरे आणि पंप एकाच वाहिनीवर असत, त्यामुळे पंपांचा भार रोखायचा तर घरांचाही पुरवठा तोडावा लागे. त्यावर पहिला तोडगा निघाला तो सिंगल फेजचा : ठरलेल्या वेळी तीनपैकी एकच फेज चालू ठेवायचा, म्हणजे घरातले दिवे लागतात आणि तीन फेजांवर चालणारी मोटार बंद राहते. शेतकऱ्यांनी कपॅसिटर जोडून अपुऱ्या फेजांवरही मोटारी फिरवायला सुरुवात केली, मोटारी जळाल्या, रोहित्रे म्हणजे गावच्या बोलीतल्या डीपी जळाल्या, आणि तो तोडगा निम्मा फसला. मग गावठाणाची वाहिनी आणि शेतीची वाहिनी वेगळी करण्याचे काम राज्यभर हाती घेण्यात आले. या विभक्तीकरणाने घरांचे भारनियमन मोठ्या प्रमाणात संपले, आणि २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन निर्माण झालेल्या महावितरणच्या खात्यावर ही मोठी कामगिरी आहे. मात्र त्याच कामगिरीमुळे शेतीचा पुरवठा घराच्या पुरवठ्याला इजा न करता कितीही आवळता येऊ लागला. राज्यातील सुमारे पंचेचाळीस लाख शेतीपंपांचा भार मागणी कमी असलेल्या वेळी ढकलणे शक्य झाले, आणि आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास व उरलेले दिवस रात्री आठ ते दहा तास अशी पाळी रूढ झाली. शिवाय गावठाणाबाहेर शेतात वसलेली घरे आणि लहान टोल्या शेतीच्याच वाहिनीवर राहिल्या. नोंदीत त्यांना जोडणी आहे, प्रत्यक्षात त्यांचे दिवे मोटारीच्या पाळीशी बांधलेले आहेत.

रात्रीची पाळी म्हणजे काय, हे तासांच्या बेरजेत दिसत नाही. दिवसाचे आठ आणि रात्रीचे आठ हे अंकगणितात सारखेच आहेत. बांधीतल्या पाण्याने धुरा म्हणजे बांध फोडला तर तो त्याच वेळी बुजवावा लागतो, पाणी खालच्या बांधीत सोडायचे तर तेथे जावे लागते, फेज गेला की मोटार बंद करायला कोणीतरी हजर असावे लागते. साकोली, लाखनी, पवनी या तालुक्यांची शेती नवेगाव-नागझिरा, कोका आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला या अभयारण्यांच्या कडेला आहे. तेथे मध्यरात्री शेतात जाण्याचा अर्थ साप, रानडुक्कर, अस्वल, बिबट आणि वाघ यांच्या वेळेत जाणे असा होतो. वीज आली की मोटार आपोआप सुरू करणारे ऑटोस्विच हा शेतकऱ्याने शोधलेला उपाय, पण एका रोहित्रावरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या की भार उसळतो आणि रोहित्र जळते, म्हणून वीज कंपनी त्याला विरोध करते. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे, आणि दोन्ही बाजू एकाच वाईट वेळापत्रकाच्या कैदी आहेत. रात्रीच्या या विजेचा आणखी एक परिणाम चर्चेत क्वचितच येतो : पिकाच्या राखणीसाठी किंवा शिकारीसाठी कुंपणात प्रवाह सोडण्याचा बेकायदा आणि जीवघेणा प्रकार मध्यरात्री शिवारात जिवंत तार उपलब्ध असल्याने सोपा होतो, आणि त्यात माणसे व वन्यप्राणी दोन्ही मरतात.

जागतिक पातळीवर जोडणीच्या मापाची अपुरी बाजू ओळखली गेली नाही असे नाही. जागतिक बँकेच्या ऊर्जा विभागाने २०१५ मध्ये बहुस्तरीय चौकट मांडली, तिच्यात वीज ‘आहे’ आणि ‘नाही’ अशा दोन कप्प्यांऐवजी शून्य ते पाच असे सहा स्तर कल्पिले आहेत आणि घराचा स्तर सात अंगांनी ठरवला जातो : मिळणारी शक्ती, उपलब्धतेचे तास, खात्री, दाबाची गुणवत्ता, परवडणे, जोडणीची वैधता आणि सुरक्षितता. पहिल्या स्तराला दिवसातून चार तास आणि त्यांपैकी संध्याकाळचा एक तास पुरतो. पाचव्या स्तराला तेवीस तास, संध्याकाळचे चारही तास, दोन किलोवॅटची क्षमता आणि आठवड्यात तीनहून अधिक खंड नाहीत अशी अट आहे. वर्षाला ३६५ युनिटांचा खर्च कुटुंबाच्या उत्पन्नाच्या पाच टक्क्यांहून कमी असेल तरच वीज परवडणारी मानली जाते. या चौकटीचा सर्वांत चांगला गुण असा की संध्याकाळचे तास तिने वेगळे काढले, म्हणजे सर्व तास सारखे नसतात हे मान्य केले. उत्पादक उपयोगांसाठी आणि शाळा-दवाखान्यांसाठीही तिने स्वतंत्र स्तर सुचवले होते, परंतु देशोदेशींच्या पाहण्यांत मुख्यतः घरगुती तक्ताच वापरला गेला. धान उत्पादकाच्या दृष्टीने हा तक्ता उलटा आहे : घरासाठी संध्याकाळचा तास मोलाचा, मोटारीसाठी सूर्योदय ते सूर्यास्त ही वेळ मोलाची. भंडाऱ्यातील एखादे कुटुंब घराच्या चौथ्या स्तरावर आणि शेताच्या पहिल्या स्तरावर एकाच वेळी असू शकते, आणि त्याचे उत्पन्न दुसऱ्या आकड्यावर ठरते.

वीज कंपन्या स्वतः वापरतात ती मापे निराळी आहेत. ग्राहकामागे वर्षभरात सरासरी किती वेळा वीज खंडित झाली आणि सरासरी किती तास खंडित राहिली, असे दोन निर्देशांक जगभर प्रमाण मानले जातात व भारतातील नियामक आयोगही तेच मागतात. सरासरीचा गुणधर्म येथे आड येतो. समजा एका उपकेंद्रावर गावठाणाचे दोन हजार ग्राहक असून त्यांची वीज महिन्यात एक तास गेली, आणि शेतीचे दोनशे ग्राहक असून त्यांची चाळीस तास गेली. एकत्रित सरासरी साडेचार तासांच्या आसपास येते आणि अहवाल समाधानकारक दिसतो. दुसरी अडचण याहून खोल आहे. वेळापत्रकाप्रमाणे दिवसातील सोळा तास शेतीवाहिनी बंद ठेवली जाते तेव्हा ते सोळा तास ‘खंड’ म्हणून मोजलेच जात नाहीत, कारण खंड हा दिलेल्या पुरवठ्यात पडतो, न दिलेल्या पुरवठ्यात पडत नाही. तिसरी अडचण मोजण्याच्या जागेची आहे. नोंद होते ती उपकेंद्रातील वाहिनीवर. त्यापुढे डीपीवरचा फ्यूज उडाला, एक फेज गेला, लघुदाबाची तार तुटली किंवा रोहित्रच जळाले तर वाहिनीच्या नोंदीत वीज चालूच असते. ग्रामीण भागात जळालेले रोहित्र ४८ तासांत बदलून देण्याचे मानक राज्य वीज नियामक आयोगाने घालून दिलेले आहे. पण रोहित्र जळाल्याची वेळ कोणती, हे कंपनीच्या वहीतून ठरते, आणि ट्रॅक्टर लावून, वर्गणी काढून ते स्वतःच आणणाऱ्या गावकऱ्यांचा वेळ कोणत्याच वहीत येत नाही.

दाबाचीही हीच कथा. लघुदाबाच्या पुरवठ्यात ठरलेल्या दाबापेक्षा सहा टक्के कमी-अधिक फरक चालतो, परंतु लांबच लांब ओढलेल्या तारेच्या शेवटच्या खांबावर, सगळ्या मोटारी चालू असताना, दाब त्याच्या कितीतरी खाली उतरतो. विद्युत मोटारीची फिरवण्याची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे ४१५ व्होल्टऐवजी ३०० व्होल्ट मिळाले तर ती जवळपास निम्म्यावर येते. मोटार अधिक प्रवाह ओढते, तापते, पाणी कमी देते आणि अखेरीस जळते. तासांच्या हिशेबात या शेतकऱ्याला पूर्ण आठ तास वीज मिळालेली असते. रोहित्रे लहान करून ती विहिरीजवळ नेणारी उच्चदाब वितरण प्रणाली हा त्यावरचा योग्य उपाय, आणि राज्याने २०१८ पासून नव्या शेतीजोडण्यांसाठी तो वापरलाही. जुन्या लांब तारांवरची मोठी संख्या मात्र तशीच राहिली.

मोजणीची जबाबदारी कंपनीवर न सोपवता ती बाहेरून करण्याचे जे प्रयत्न झाले त्यांतील दोन विशेष उल्लेखनीय आहेत, आणि दोन्हींच्या मर्यादा भंडाऱ्यात उघड होतात. पहिला प्रयत्न उपग्रहांचा. रात्री पृथ्वीवर दिसणाऱ्या उजेडावरून भारतातील सहा लाख खेड्यांचा वीस वर्षांचा आलेख अमेरिकेतील संशोधकांनी तयार केला, आणि जेथे सरकारी आकडे नाहीत किंवा विश्वासार्ह नाहीत अशा देशांत या पद्धतीचा खरा उपयोग झाला. मात्र आजच्या मुख्य उपग्रहाची फेरी स्थानिक वेळेने मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास होते. त्या वेळी खेड्यातील घरांचे दिवे मालवलेले असतात आणि उजेड दिसतो तो पथदिव्यांचा, त्यांचे बिल ग्रामपंचायतीने भरलेले असेल तर. २०२१ मध्ये थकबाकीमुळे राज्यातील अनेक ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची वीज तोडली गेली तेव्हा ती गावे आकाशातून अंधारलेली दिसली असणार, घरात वीज असूनही. उलट त्याच दीडच्या ठोक्याला लाखांदूर किंवा मोहाडीच्या शिवारात शेकडो मोटारी वीज खेचत असतात आणि उपग्रहाला तेथे काळोखाखेरीज काहीही दिसत नाही.

दुसरा प्रयत्न पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेच्या ऊर्जा गटाचा. घरातल्या साध्या प्लगमध्ये बसवायचे एक लहान यंत्र दर मिनिटाला दाब नोंदवते, मोबाइलच्या जाळ्यातून ती नोंद पाठवते आणि ती सर्वांना पाहता येते, अशी ही व्यवस्था. भारतातील वीसहून अधिक राज्यांत शेकडो ठिकाणी ती बसवली गेली आणि पुढे इतर काही देशांतही तिचा अवलंब झाला. या कल्पनेची खरी ताकद तंत्रात नाही, कारण यंत्र अगदी साधे आहे. ती मोजण्याची जागा बदलण्यात आहे. उपकेंद्रातून काय सोडले याऐवजी प्लगपाशी काय पोहोचले हे ती सांगते, आणि वादाच्या वेळी ग्राहकाच्या हातात कंपनीच्या नोंदीइतकीच ठोस नोंद देते. तरीही प्लग घरात असतो. हेच यंत्र विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत, तारेच्या शेवटच्या खांबाजवळ, तीनही फेजांसाठी बसले तर धानपट्ट्यातील पुरवठ्याविषयीचा निम्मा वाद आपोआप मिटेल.

सुरक्षितता हे बहुस्तरीय चौकटीतले सातवे अंग, आणि ते बहुधा शेवटीच राहते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागून दहा अर्भके मरण पावली आणि सात वाचवता आली. आगीचा उगम विजेच्या उपकरणात असल्याचे चौकशीतून पुढे आले आणि अग्निसुरक्षेच्या व्यवस्थेतील उणिवांवर सर्वत्र बोट ठेवले गेले. जिल्हा रुग्णालय हे विजेच्या पोहोचीच्या कोणत्याही तक्त्यात वरच्या स्तरावर बसले असते : जोडणी होती, क्षमता होती, चोवीस तासांचा पुरवठा होता. जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांच्यासह काही संस्थांच्या २०२३ मधील अहवालाने जगातील जवळपास शंभर कोटी लोकांच्या वाट्याला खात्रीची वीज नसलेले किंवा मुळीच वीज नसलेले दवाखाने येतात असे नोंदवले आहे, आणि ती चिंता रास्त आहे. पण भिंतीच्या आतल्या तारा, वाढत गेलेला भार, उपकरणांची तपासणी आणि ती तपासणी करणारा प्रशिक्षित माणूस यांची मोजणी त्या अहवालाच्या केंद्रस्थानी नाही. वीज आत आणून सोडली की पुढची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्या कक्षात अत्यंत क्रूर रीतीने विचारला गेला.

इतक्या अंगांनी मोजणी करण्याविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात आणि ते उडवून लावण्याजोगे नाहीत. पहिला असा की साध्या मापानेच कामे होतात. सौभाग्य योजनेने कोट्यवधी घरांना जोडणी दिली ती एकच आकडा रोज वर चढताना दिसत होता म्हणून, आणि सात अंगांचा तक्ता पुढे ठेवला असता तर जिल्ह्याच्या अभियंत्याला कोणत्या आकड्यासाठी झटायचे हेच कळले नसते. हे बव्हंशी खरे आहे. पण साधे माप ज्या कामासाठी निवडलेले असते ते पूर्ण झाल्यावर ते बदलावे लागते, नाहीतर तेच माप काम संपल्याचा दाखला बनते. जोडणी मोफत मिळालेल्या गरीब कुटुंबाचे बिल थकले, मीटर काढून नेले, तरी एकदा विद्युतीकृत झालेले घर विद्युतीकृतच मोजले जाते. जोडणीचा आकडा उलट दिशेने फिरत नाही, आणि जे माप उतरू शकत नाही ते मापच नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे : शेतीची वीज मुळात सवलतीची, आणि २०२४ च्या बळीराजा वीज सवलत योजनेपासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना ती मोफतच आहे, मग फुकटच्या विजेच्या वेळेची आणि दाबाची तक्रार कशी करता येईल. या युक्तिवादात कार्यकारणाची दिशा उलटी धरलेली आहे. रात्रीची, कमी दाबाची, केव्हाही जाणारी वीज दिल्यामुळे तिचे पैसे मागणे राजकीयदृष्ट्या कठीण झाले, पैसे येत नाहीत म्हणून वाहिन्यांवर खर्च झाला नाही, आणि खर्च झाला नाही म्हणून वीज आणखी वाईट झाली. त्यात मोजणीच्या अभावाने भर घातली. अनेक पंपांना चालू मीटर नाही, बिल अश्वशक्तीवर काढले जाते, आणि शेतीचा वापर अंदाजाने ठरतो. अंदाज फुगवला तर चोरी आणि गळती शेतीच्या नावे खपून जाते, म्हणून नियामक आयोगाने दरनिश्चितीच्या वेळी कंपनीचा शेतीवापराचा दावा अनेकदा छाटला आहे. शेतकऱ्याच्या नावावर दाखवलेली सगळी वीज शेतकऱ्याने वापरलेली नसते, ही गोष्ट शहरी ग्राहकाला कोणी सांगत नाही, आणि महाग दराचे खापर मात्र त्याच्या डोक्यावर फुटते.

सुधारणेचा मार्ग आता तंत्रदृष्ट्या मोकळा झाला आहे, आणि तो सूर्यप्रकाशातून जातो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी, बरीच मोठी आवृत्ती आली : उपकेंद्राच्या जवळ सौर प्रकल्प उभारायचा, त्याची वीज थेट शेतीवाहिनीला जोडायची आणि पंप दिवसा चालवायचे. ही वीज युनिटमागे सुमारे तीन रुपयांना पडते, म्हणजे सवलतीचा बोजाही हलका होतो. याच्या जोडीला शेतकऱ्याच्या बांधावर स्वतंत्र सौरपंप देणारी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही २०२४ ची योजना आहे. दोन्ही योजना सौर असल्या तरी धानाच्या प्रदेशात त्या सारख्या ठरत नाहीत, आणि हा फरक सरकारी घोषणांत पुसला जातो. सौरपंपाला विजेचे जाळे नसते. जुलैच्या ढगाळ आठवड्यात, नेमका रोवणीसाठी चिखलणी करायची असताना, त्याचे पाणी रोडावते आणि दुसरा आधार नसतो. सौर वाहिनी जाळ्याशी जोडलेली असल्याने ढग आले की उणीव जाळ्यातून भरून निघू शकते, आणि पंप बंद असतात तेव्हा तीच सौर वीज इतरांच्या कामी येते. उन्हाळी धानाला दोन्ही चालतील. खरिपाच्या धानाला वाहिनी हवी. तरीही पैसे भरून जोडणीची वाट पाहणाऱ्यांची ‘पेड पेंडिंग’ यादी कमी करण्यासाठी अर्जदाराला सौरपंपाकडे वळवले जाते, तेव्हा २००३ च्या वीज कायद्यातील कलम ४३ प्रमाणे मागणी करणाऱ्याला ठरलेल्या मुदतीत पुरवठा देण्याचे कर्तव्य संपले असे मानायचे का, याचे स्पष्ट उत्तर द्यायला कोणी तयार नसते. सौरपंपाची नादुरुस्ती कोणत्याही निर्देशांकात येत नाही, हे त्या मार्गाचे एक न बोललेले आकर्षण असावे अशी शंका घेण्यास जागा आहे.

सौर वाहिनी आली म्हणून मोजणीचा प्रश्न निकाली निघत नाही. दिवसा आठ तास हे ध्येय ठरले की अहवाल पुन्हा तासांचेच येतील, आणि एप्रिलच्या दुपारी शेवटच्या खांबावर दाब किती होता हे पुन्हा अनुत्तरित राहील. २०२१ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या वितरण सुधारणा योजनेतून वाहिन्यांवर, रोहित्रांवर आणि ग्राहकांकडे संवादक्षम म्हणजे स्मार्ट मीटर बसवले जात आहेत. महाराष्ट्रात त्यांना विरोध झाला तो आगाऊ पैसे भरण्याच्या सक्तीमुळे, आणि त्या विरोधाला कारणही होते; पण त्या गदारोळात या मीटरचा दुसरा गुण दुर्लक्षिला गेला, तो म्हणजे वीज केव्हा गेली, केव्हा आली आणि दाब किती होता हे तो स्वतः नोंदवतो. बिलासाठी ती नोंद कंपनीला हवीच आहे. तीच नोंद रोहित्रनिहाय, दिवस आणि रात्र वेगळे दाखवून, रोवणी आणि निसवणीचे आठवडे वेगळे काढून ग्रामसभेपुढे दर महिन्याला ठेवावी, असा आदेश देण्याचा अधिकार राज्य वीज नियामक आयोगाला आहे, कारण सेवेची मानके ठरवणे आणि त्यांच्या पालनाची माहिती मागवणे ही कामे कायद्याने त्याच्याकडेच दिलेली आहेत. त्यासाठी नवी योजना लागत नाही, वेगळा निधीही फारसा लागत नाही. लागते ते शेतीवाहिनीवरील न दिलेल्या तासांनाही खंड मानण्याचे धैर्य, आणि तसे मानले तर सध्याचे सर्व निर्देशांक एका रात्रीत खालावतील, हे आयोगाला आणि कंपनीला चांगले ठाऊक आहे.